कानाच्या बाजूचे पैसे

घरी वाजवायला डीजे कंट्रोलर घ्यायचाय, कुठला घेऊ, असं विचारायला मुलं येतात तेव्हा मोबाइलवर दोन फोटो समोर धरतात. एकात सोळा पॅड, दुसऱ्यात आठ. एकाच्या जॉग व्हीलभोवती रंगीत दिवे फिरतात, दुसरा साधा. मी म्हणते, मागच्या बाजूचा फोटो दाखवा. स्पीकरला आवाज कुठून जातो, हेडफोन कुठे लागतो, माइकची पातळी वेगळी ठेवता येते का, हे सगळं तिथे आणि पुढच्या कडेला कळतं. पॅड कितीही असोत, पहिलं वर्षभर हात जातो तो प्ले, क्यू, फेडर आणि ईक्यूच्या तीन नॉबवर.

डीजेचं काम मुळात एकाच वेळी दोन गाणी ऐकण्याचं. एक खोलीत वाजत असतं, दुसरं फक्त माझ्या हेडफोनमध्ये. ते दुसरं लयीत बसलं की मगच फेडर वर जातो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सँक्च्युअरी क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो हेच करत होता. तबकड्यांवरची गाणी माणसांनी हातांनी वाजवलेली, त्यामुळे लय सतत थोडी हलणारी. समोर आकडे दाखवणारा पडदा नाही. ठेका न तोडता एका गाण्यातून दुसऱ्यात जायचं ते निव्वळ कानाच्या भरवशावर. पुढे १९७९मध्ये टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ टर्नटेबलवर वेग आठ टक्क्यांनी कमी-जास्त करणारी सरळ पट्टी आली, आणि आजच्या बहुतेक कंट्रोलरवर तशीच पट्टी बसलेली आहे.

म्हणून माझं म्हणणं एकच असतं: पैसे कानाच्या बाजूला घाला. कंट्रोलरमध्ये स्वतःचं साउंड कार्ड हवं, म्हणजे स्पीकरला एक आवाज आणि हेडफोनला दुसरा, दोन्ही स्टिरिओ मिळतात. पायोनियरच्या डीडीजे-२००मध्ये ते नाही. तिथे दुभागलेली केबल लावून फोनच्या किंवा लॅपटॉपच्या एका स्टिरिओ आवाजाचे दोन मोनो तुकडे करावे लागतात. फोनवर खेळून बघायला ते ठीक, पण शिकायचं असेल तर त्याच कंपनीचा डीडीजे-एफएलएक्स४ किंवा नुमार्क आणि हर्क्युलिसची त्या आकाराची यंत्रं घरासाठी पुरेशी होतात. याहून मोठं यंत्र पहिल्यांदाच घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. उरलेल्या पैशांत बंद कानाचा चांगला हेडफोन आणि वायरने जोडायचे दोन छोटे स्पीकर येतात. ब्लूटूथ स्पीकर मात्र नको. त्याचा आवाज इतका उशिरा येतो की हात आणि कान यांची कधी गाठच पडत नाही.

वेगाची पट्टी हा दुकानात सगळ्यात कमी बघितला जाणारा भाग, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कंट्रोलर संगणकाशी मिडीच्या भाषेत बोलतो. १९८३च्या या पद्धतीत साधा संदेश शून्य ते १२७ इतकेच आकडे पाठवू शकतो. पट्टीचा पल्ला उणे आठ ते अधिक आठ टक्के धरला, तर एकेक पायरी साधारण ०.१२५ टक्क्यांची झाली. मिनिटाला १२८ ठोके असलेल्या गाण्यात ही पायरी ०.१६ ठोक्याची. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दोन गाण्यांत एवढाच फरक राहिला तरी मिनिटभरात ती एकमेकांपासून ७५ मिलिसेकंदांनी सरकतात आणि एका ढोलाच्या जागी दोन ऐकू येतात. चांगल्या कंट्रोलरमध्ये दोन संदेश जोडून १६,३८४ पायऱ्या करतात. दुकानात हे तपासणं अगदी सोपं आहे. पट्टी अगदी सावकाश सरकवायची आणि पडद्यावरचा दशांशानंतरचा आकडा बघायचा. तो एकेक करत बदलला पाहिजे, उड्या मारता कामा नये.

दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं सिंक बटण असताना एवढा खटाटोप कशाला, असं मुलं विचारतात. प्रश्न बरोबर आहे. संगणकावर रचलेल्या गाण्यात लय आखीव असते. संगीतकार क्रेटेक्सचं मराठी हाउस संगीत वाजवताना सिंक दाबलं तर बिनघोर चालतं. पण ढोलकीवरची जुनी लावणी किंवा कोळीगीत घ्या. ढोलकीवाला रंगात आला की लय चढते, चढलीच पाहिजे, गाण्याचा जीव त्यात असतो. सॉफ्टवेअर मात्र सुरुवातीच्या मात्रांवरून समान अंतराच्या रेघा आखून मोकळं होतं, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत रेघ एकीकडे, थाप दुसरीकडे. रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये बदलत्या लयीसाठी वेगळं विश्लेषण आहे, त्याचा उपयोग होतो. तरी तोड्याच्या आडव्यातिडव्या थापा त्यालाही चकवतात. अशा वेळी, कोळीगीतातून हाउसवर जाताना, मी हाउसच्या गाण्याचा चार ठोक्यांचा लूप लावते, त्याचा खालचा ईक्यू, म्हणजे खर्ज, पूर्ण बंद ठेवते आणि जॉगच्या कडेवर दोन बोटं टेकवते. वरच्या थाळीवर हात ठेवला तर गाणं थांबतं; कडेला हलकं ढकललं तर ते कणभर पुढे सरकतं, तेवढंच हवं असतं. ढोलकी पुढे गेली की एक ढकल, पुन्हा गेली की पुन्हा. समेवर कोळीगीताचा खर्ज काढायचा आणि त्याच क्षणी हाउसचा खर्ज उघडायचा. हे जमलं की आपण वाजवतोय असं वाटतं.

आता बिघाड. इथेही कान कामाला येतो, कारण बरेचसे दोष आवाजावरूनच ओळखू येतात. एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते: खोका एक असला तरी आत दोन यंत्रं आहेत, हाताच्या हालचाली कळवणारं एक आणि आवाज बाहेर काढणारं दुसरं. फेडर हलवल्यावर पडद्यावरचाही हलतो पण आवाज लॅपटॉपमधूनच येतो, तर पहिलं यंत्र ठणठणीत आहे आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आउटपुट चुकीचं निवडलेलं आहे. पडद्यावरही काही हलत नसेल तर आधी यूएसबी केबल बदलून बघावी. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. मध्ये हब असेल तर तो काढावा. नळाला पाणी नसलं की टाकीपासून एकेक जोड बघत यावं तसं जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

डोंबिवलीचा एक मुलगा वैतागून आला होता. ‘ताई, हा विकूनच टाकतो. कधी घुमतो, कधी तडतडतो.’ मी म्हटलं, इथे लावून दाखव. त्याने लॅपटॉपचा चार्जर लावला आणि स्पीकरमधून सलग घुंऽऽ सुरू झालं. चार्जर काढला, घुमणं बंद. पाच मिनिटांनी गाण्यात तडतड सुरू. त्याला वाटत होतं एकच दोष रूप बदलतोय. प्रत्यक्षात ते दोन वेगळे दोष होते आणि दोन्ही कंट्रोलरच्या बाहेरचे.

घुमणं अर्थिंगचं होतं. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, आणि चार्जर व स्पीकर वेगवेगळ्या बोर्डांवर असले की दोन्हीकडच्या अर्थिंगमधून एक फेरा तयार होऊन तीच गुणगुण तिच्या पटींसह आवाजात शिरते. दोन्ही पिना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणल्यावर ती बरीच उतरली. राहिलेली घालवायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा छोटा आयसोलेटर कंट्रोलर आणि स्पीकरच्या मध्ये लावला. काही जण यावर उपाय म्हणून पिनेचा तिसरा, अर्थिंगचा दांडा काढून टाकतात. तो जिवावरचा खेळ आहे, कधीही करू नये. जुन्या इमारतीत लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिणत असेल तर गाणी बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवावं.

तडतड उलट कारणाने होती. बॅटरीवर गेला की लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी हळू चालू लागायचा, आणि बफर ठेवला होता १२८ सॅम्पलचा. ४४,१०० हर्ट्झला म्हणजे जेमतेम तीन मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पुढचा आवाज तयार झाला नाही की मध्ये खाच पडते, तीच तडतड. बफर ५१२ केला, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिसेकंद. स्क्रॅचिंग करणाऱ्याला हा उशीर जाणवेल, गाण्याला गाणं जोडणाऱ्याला नाही. विंडोजमधली वीज वाचवण्याची आणि यूएसबी झोपवण्याची सोय बंद केली, वाजवताना वायफाय बंद ठेवायला सांगितलं. त्याचा कंट्रोलर अजून त्याच्याकडेच आहे.

तिसरा दोष फक्त फेडर हलवतानाच ऐकू येतो: आवाज खरखरतो किंवा त्याची पातळी उड्या मारते. त्याचं कारण बहुतेक वेळा धूळ. आपल्याकडे पावसाळ्यात तिला ओल मिळते आणि ती चिकटून बसते. आधी हवेने फुंकावी, मग प्लास्टिकला चालणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंबभर फवारा देऊन फेडर वीसेक वेळा मागेपुढे करावा. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर आतलं वंगण जातं. वाजवून झाल्यावर वर झाकण किंवा साधं सुती फडकं टाकलं तरी पुष्कळ फरक पडतो.

जुना कंट्रोलर घ्यायला जाताना स्वतःचा हेडफोन, स्वतःची केबल आणि ओळखीची दोन गाणी असलेला लॅपटॉप न्यावा. दोन्ही गाणी सुरू करून क्रॉसफेडर पूर्ण डावीकडे सरकवावा आणि डोळे मिटून ऐकावं. उजवीकडचं गाणं बारीक का होईना ऐकू येत असेल तर फेडर झिजलेला असू शकतो. तो सुटा बदलून मिळतो का हे दुरुस्तीवाल्याला तिथूनच फोन करून विचारावं, मिळत असेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत आणि यंत्र घेऊन टाकावं.