वडिलांची ट्रंक

वडील गेल्यावर त्यांची लोखंडी ट्रंक माझ्याकडे आली. आमचे गाव समुद्राकाठचे. खाऱ्या वाऱ्याला भिऊन ते दर वैशाखात तिला ऑइलपेंटचा एक हात देत. परवा तिच्या तळाशी रंगाला आलेला फुगा दिसला. नखाने टोकरला, तर आत पत्रा नव्हताच. तांबूस भुगा हाती आला. ओल आतल्या पत्रांच्या गठ्ठ्यापर्यंत पोचली होती.

मी मराठी शिकवणारा माणूस. रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “रंग हवापाणी बाहेर ठेवतो, एवढेच. एक ओरखडा पुरतो. पुढे गंज रंगाच्या आडून पसरतो.” मग ते पॉलिअ‍ॅनिलीन या विद्युतवाहक पॉलिमरविषयी बोलू लागले. अशा पॉलिमरांच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना 2000 साली नोबेल मिळाले. त्याआधीच, 1985मध्ये, डीबेरी यांनी आम्लात बुडवलेल्या स्टेनलेस स्टीलचे या लेपाने रक्षण होते असे दाखवले होते.

त्याची रीत मला विलक्षण वाटली. हा लेप लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि त्यातून पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ, घट्ट थर जमतो. गंज हाही ऑक्साइडच, पण पाणी धरणारा, भुसभुशीत. लेपाने घेतलेले इलेक्ट्रॉन हवेतला ऑक्सिजन काढून नेतो आणि लेप पूर्ववत होतो. म्हणजे ज्या ऑक्सिजनला आपण वैरी मानतो, तोच इथे लेपाला सावरतो. या उपपत्तीबद्दल अजून वाद आहेत. ओरखडा मोठा असला आणि त्यात मीठ शिरले, तर हाच लेप गंजाला वेगही देऊ शकतो.

लोखंड असे ‘निष्क्रिय’ होते, यावर 1836मध्ये शोनबाइन आणि फॅरडे यांनी एकमेकांना पत्रे लिहिली होती. तीव्र नायट्रिक आम्लात लोखंड विरघळत का नाही, हा शोनबाइन यांचा प्रश्न होता. त्यावर ऑक्साइडचा थर असावा, असे फॅरडे यांचे मत. हे ऐकताना मला आमची पत्रे आठवली. शेवटच्या काही वर्षांत वडील आणि मी एकमेकांना फक्त ‘प्रकृती उत्तम, पाऊस बरा’ एवढेच लिहीत होतो. दर वर्षी एक हात रंगाचा. बोलायचे होते ते आतच राहिले, आणि ते शाबूत आहे अशी माझी समजूत होती.

“मग हा लेप ट्रंकेला देता येईल?” मी विचारले.

“आता नाही,” ते म्हणाले. “त्याला खाली स्वच्छ धातू लागतो.”

पत्रे वर्तमानपत्रावर पसरून वाळत घातली आहेत. बऱ्याच ठिकाणी शाई फुटली आहे. जे वाचता येते ते रोज थोडे वाचतो.