उकार कोणी कापला?

जीव्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये मराठी फाइल उघडली आणि ‘म्हणून’चा दीर्घ उकार खालून छाटलेला दिसला, की हात आपोआप कंट्रोल-एलकडे जातो. पडदा पुन्हा रंगवू, जातंय का बघू. ही खोड मी जाणूनबुजून मोडली. दोष समोर हजर असताना तो पुसायचा म्हणजे पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढण्यासारखं आहे. आधी स्क्रीनशॉट. चित्रात उकार धड आणि मॉनिटरवर तुटका, तर संशय ड्रायव्हर, केबल किंवा मॉनिटरवर. चित्रातही तुटका, तर उगाच केबल हलवत बसू नये.

अनुवादाच्या एका फाइलीत तो चित्रातही तुटकाच होता. माझी सगळी सेटिंग्ज बाजूला ठेवून कोरा जीव्हिम उघडला. बऱ्याच तक्रारी इथेच निकालात निघतात. हौसेनं टाकलेलं एखादं प्लगइन सापडतं. इथे तसं काही नव्हतं. मग कर्सर ‘णू’वर नेऊन जी आणि ८ दाबलं. सहा बाइट दिसले: तीन ‘ण’चे, तीन उकाराचे. म्हणजे फाइल शाबूत. जे काही बिघडत होतं, ते रेखाटताना.

आता फॉन्ट. मी वापरतो तो डेजावू सान्स मोनो, आणि त्यात देवनागरी नाहीच! मग ही अक्षरं आली कुठून? लिनक्सवर फॉन्टकॉन्फिग न विचारता बदली फॉन्ट पुरवतो. माझ्याकडे तो नोटो सान्स देवनागरी निघाला. जीव्हिम मात्र ओळीची उंची मुख्य फॉन्टवरून ठरवतो, आणि ती सगळ्या ओळींना सारखीच. रोमन अक्षरांच्या मापाच्या त्या पट्टीत डोक्यावरचा रफार, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी लोंबणारा उकार मावणार कसे?

पण मावत नाही, तर उकार खालच्या ओळीवर सांडायला हवा होता. तो कापला का गेला? जीटीके या ग्राफिकल टूलकिटवर चालणाऱ्या जीव्हिमचा सोर्स कोड वाचला की उलगडा होतो. ओळीचं रेखाटन तिच्या पट्टीबाहेर जाऊच द्यायचं नाही, असं कुंपण तिथे मुद्दाम घातलंय. भलताच बदली फॉन्ट आला तर पडद्याचा विचका होऊ नये, हे कारणही शेजारीच टिपून ठेवलंय. लिहिणाऱ्याचं चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्यासमोर आपला उकार नव्हता, एवढंच.

‘लाइनस्पेस’, म्हणजे ओळींमधली जादा जागा, शून्यावरून चार पिक्सेल केली. उकार पुरा दिसला. परत शून्य केली, परत कापला गेला. दोष हवा तेव्हा आणता आणि घालवता आला, तरच कारण सापडलं असं मी धरतो. कंट्रोल-एलनं एखादा डाग गेला, तर त्यातून फारसं काही कळत नाही.

अर्थात यानं जीव्हिम मराठी लेखनाला सोयीचा होत नाही. समान रुंदीच्या घरांत ‘क्षितिज’ बसवताना त्याची ओढाताण होते ती होतेच. लांबलचक मराठी मजकुरासाठी मी ईमॅक्स हा दुसरा एडिटर उघडतो. तिथे ओळीची उंची मजकुरानुसार बदलते आणि २०२० साली आलेल्या २७.१ आवृत्तीपासून अक्षरजुळणीसाठी हार्फबझ या लायब्ररीचा आधार आहे.

तुम्ही अशी तक्रार कळवाल तेव्हा नुसतं चित्र पाठवू नका. एडिटरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, फॉन्टचं नाव आणि तीच ओळ मजकूर म्हणून कॉपी करून पाठवा. चित्रातले बाइट मोजता येत नाहीत.