बाग कराराने देण्याआधी

रत्नागिरी, मे अखेर

प्रिय विनू,

परवा तुमच्या घरी काकूंकडे जाऊन आले. गुडघे सोडले तर तब्येत छान आहे. फणसाची भाजी खाऊ घातली आणि मग कराराचा कागद माझ्या हातात ठेवला. पाच वर्षांसाठी बाग द्यायची, सगळी रक्कम एकदम मिळणार, झाडांना काय घालायचं आणि कधी फवारायचं ते घेणारा ठरवणार. देऊन टाकू का, असं तू विचारलं आहेस. माझं ऐकशील तर असा करार करू नकोस.

तुला मोह का होतोय ते कळतं मला. हापूसचं सगळं गणितच विसकटलंय. आपल्या लहानपणी दसऱ्याच्या सुमारास पाऊस संपायचा, जमीन सुकायची, थंडी पडली की झाडं मोहोराने भरून जायची. आता पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो. जमिनीत ओल राहिली की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं आणि हंगाम मागे जातो. थंडीही धड नाही, चार दिवस कडाका की पुन्हा उकाडा. 2023 च्या फेब्रुवारीत तर देशातलं सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या नोंदींत सर्वाधिक ठरलं. आणि 2025 साली, जूनच्या पहिल्या आठवड्यात यायचा तो मोसमी पाऊस 25 मेलाच कोकणात उतरला; झाडावर उरलेला आंबा हातचा गेला.

जानेवारीत तुमच्या विहिरीकडच्या कलमाची एक फांदी वाकवून पाहिली होती. देठाला वाटाण्याएवढ्या कैऱ्या, त्यातल्या निम्म्या पिवळ्या पडलेल्या, बोट लागलं की गळत होत्या. आणि त्याच फांदीला कोवळा लालसर मोहोर नव्याने फुटत होता. फळ धरल्यावर थंडी एकदम वाढली की हापूस असा पुनर्मोहोर काढतो. झाडातलं अन्न तिकडे वळतं आणि धरलेलं फळ गळून पडतं. मोहोर पुन्हा आला की तुडतुडे, फुलकिडे पुन्हा, फवारण्याही पुन्हा. त्या औषधांनी मोहोरावरच्या माश्याही मरतात, आणि आंब्याचं परागीभवन मुख्यतः त्यांच्याच जिवावर चालतं.

अशा वेळी सगळ्यांना कल्टार आठवतं. जुलै-ऑगस्टात बुंध्याभोवती मातीत घालतात. पॅक्लोब्युट्राझोल असतं त्यात. ते झाडाची वाढ रोखतं आणि मोहोर लवकर आणतं. एक वर्षाआड भरघोस धरणारा हापूस त्याने दरवर्षी धरतो. औषधालाच वाईट म्हणणार नाही मी. दापोलीच्या कृषी विद्यापीठानेच त्याची शिफारस केली आहे, पण झाडाच्या विस्ताराप्रमाणे मोजून, आणि सोबत खत नीट घालून. ज्याला बाग पाच वर्षांनी परत करायची आहे तो मोजत कशाला बसेल? आणि शेवटच्या वर्षी शेणखतावर पैसा कोण घालेल? हे औषध मातीत दीर्घकाळ टिकतं. मात्रा चढत गेली की पालवी खुरटते, मोहोर आखडतो, फांद्या सुकायला लागतात. झाडाकडून पुढल्या वर्षांची उचल घेतली जाते, विनू, आणि ती फेडायची वेळ येते तेव्हा घेणारा दुसऱ्या बागेत असतो. करार संपून परत आलेल्या अशा दोन बागा आमच्या वाडीत आहेत. बघून पोटात कालवतं.

तुमची वरच्या कातळावरची कलमं अप्पांनी 1990 नंतर लावली, रोजगार हमीतून फळबागेला शंभर टक्के अनुदान मिळू लागलं तेव्हा. कातळ फोडून खड्डे केले, माती बाहेरून आणून भरली. ती झाडं आज पस्तिशीच्या आसपास आहेत, म्हणजे ऐन भरात. नीट सांभाळली तर तुझ्या नातवंडांनाही फळ देतील. त्यांना पुढे मिळणारी हवा मात्र आणखी बिघडलेली असणार, कारण आपण आजवर सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतकं टिकतो आणि त्यात भर पडतच आहे. अरबी समुद्र तापतोय. 2020 चं निसर्ग चक्रीवादळ आणि पाठोपाठ 2021 चं तौक्ते आपण सोसलं. कोळसा, तेल जाळणं कमी व्हायलाच हवं, सगळीकडेच. पण तोवर या हवेत तग धरायचा तर झाडाच्या अंगात ताकद हवी, आणि नेमकी तीच या कागदावर सही केल्याने जाईल.

बाग पडीक ठेव असं म्हणत नाही. काकूंना आता उस्तवार होत नाही. आमच्या दादाचं म्हणणं, करार दहा वर्षांचा कर आणि रक्कम दरवर्षी घे, म्हणजे झाड जपण्यात घेणाऱ्याचाही फायदा राहील. कल्टार विद्यापीठाच्या मात्रेतच पडेल, दरवर्षी शेणखत पडेल आणि फुललेल्या मोहोरावर फवारणी होणार नाही, हे कागदावर लिहून घे. पालापाचोळा जाळायचा नाही, बुंध्याभोवती आच्छादन करायचं. तापलेल्या जमिनीची धग फळाला लागली की आतला गर खराब होऊन साका होतो. आच्छादनाने तो कमी होतो, म्हणजे तेही घेणाऱ्याच्याच फायद्याचं. रक्कम कमी येईल. लेकीच्या फीसाठी तुला ती हवी होती हेही काकूंनी सांगितलं, म्हणून हे लिहिताना जड जातंय. तरी कळकळीने लिहितेय.

घेणारा कबूल झाला नाही तर दादा यंदा वाट्याने बाग बघायला तयार आहे. कल्टार जुलैत पडायला लागतं, तेव्हा काय ते जूनअखेर ठरव. तोवर कुठेही सही करू नका, असं काकूंना सांगून आलेय.

तुझी,
शमा