प्रसंगाआधीचा माणूस

माणूस त्याच्यावर आलेल्या प्रसंगांतून घडतो, हे विधान अर्धेच खरे आहे. एकच प्रसंग दोघांवर येतो; एक मान खाली घालून घरी जातो, दुसरा जन्मभर त्या प्रसंगाशी भांडत राहतो. हा फरक प्रसंगापेक्षा त्याआधी माणसाच्या पदरात काय होते, यावर ठरतो. कथेतले पात्र उभे करणाऱ्याला आधी तेच शोधावे लागते.

रायगड जिल्ह्यात सावित्री नदीच्या खाडीकाठी, महाडजवळ दासगाव आहे. प्रसंगाआधीच्या या शिदोरीचे खरे उदाहरण म्हणजे रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३–१९७२); ते तिथे वाढले. शिष्यवृत्तीची परीक्षा पास होऊनही महाडच्या इंग्रजी शाळेने या महार मुलाला प्रवेश नाकारला. तेव्हा त्याचे वय अकराच्या आसपास होते. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिले. प्रवेश मिळाला, पण बसायचे इतरांपासून वेगळे.

अपमानातून पुढारी घडला, असे लिहून इथे मोकळे होता येते. पण तसा अपमान त्या काळी गावोगावच्या मुलांनी सोसला होता. दासगावात पलटणीतून निवृत्त झालेले महार पेन्शनर राहत, त्यांच्यामुळे वस्तीत अक्षरओळख होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर याच महाड परिसरातले, तेही सैन्यात राहिलेले. शिवाय मुलाच्या हातात परीक्षेचा निकाल होता. आपला हक्क काय हे त्याला ठाऊक होते, म्हणून नकार मिळताच त्याला पत्र सुचले.

महाडच्या बाजारात माल विकायला येणाऱ्या अस्पृश्यांना प्यायला पाणी मिळत नसे. त्यांच्यासाठी तिथे चहाचे दुकान उभे राहिले, त्यामागे मोऱ्यांची खटपट होती. १९ आणि २० मार्च १९२७ची महाड परिषद भरवण्यात ते आघाडीवर होते. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर मुंबईहून बोटीने निघाले आणि हरिहरेश्वरमार्गे दासगाव बंदरात उतरले. इतिहासाला परिषद मोठी वाटणार, ते रास्तच आहे. कथालेखकाने मात्र त्या चहाच्या दुकानापाशी थांबावे. शाळेच्या दारात जे सोसले, ते दुसऱ्याची तहान भागवताना उघड होते. भूतकाळ कथेत यावा तो असा, पात्राच्या हातून.

पात्राला खिडकीशी बसवून बालपण आठवायला लावणे ही सोपी रीत आहे. तिने वाचकाला माहिती मिळते, पण माणूस भेटत नाही. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’मधला (१९५२) बापू हा अण्णा खोतांकडे राबणाऱ्या विठोबाचा मुलगा. गावाचा विरोध पत्करून तो राधेला जवळ करतो, सुपारीच्या व्यापारात उभा राहतो. खोतापुढे वाकलेला बाप ज्याने लहानपणी पाहिला, त्याचीच ही ताठ मान आहे. मराठी कादंबरीत भूतकाळ इतका अंगात मुरलेली पात्रे थोडी आहेत.

पेंडशांचे स्वतःचे बालपण सावित्रीच्या मुखाच्या दक्षिणेला, दापोली तालुक्यातल्या मुर्डीत गेले. ते लहानपणीच मुंबईला आले, पुढे बेस्टमध्ये नोकरीला लागले. लिहीत राहिले ते मात्र मागे राहिलेल्या त्या मुलखाविषयी. खोतांच्या चार पिढ्यांची कथा सांगणारी त्यांची ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली आली, तेव्हा ते ७४ वर्षांचे होते.