वाढलेल्या बांगड्या

बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावे, हे आईने लहानपणी इतके बिंबविले आहे की, दिल्लीत बारा वर्षे सरकारी टिपणे लिहूनही ‘फुटली’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. पण वडील गेले त्या दिवशी बायकांनी आईचा हिरवा चुडा ‘वाढविला’, तेव्हा दगडावर झालेला तो आवाज मी ओसरीवरून ऐकला होता. तेव्हापासून त्या शब्दाचा गोडवा मला उरलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात कचेरीतील एका स्नेह्याच्या घरच्या लग्नासाठी फिरोजाबादला गेलो होतो. तेथे बांगड्यांचा कारखाना पाहिला. भट्टीत वाळू, सोडा आणि फुटक्या (की वाढलेल्या म्हणू?) बांगड्यांचे भंगार वितळत होते. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला. त्यानंतर येथे कोळशाच्या जागी नैसर्गिक वायू आला. धग मात्र तीच. लालबुंद गोळ्यातून काचेची तार ओढतात, फिरत्या बेलनावर तिचे वेटोळे घेतात आणि ते कापून बांगड्या सुट्या करतात. परंतु प्रत्येकीचे तोंड उघडेच राहते!

ते मिटविण्याचे काम गल्लीतील घराघरांत चालते. एक बाई ज्योतीवर बांगडी धरून तिची दोन्ही टोके एका पातळीत आणीत होती, ही ‘सधाई’. दुसरी ती टोके तापवून एकमेकांत मिळवीत होती, ही ‘जुडाई’. पंखा लावला तर ज्योत हलते, म्हणून जेठाच्या उन्हाळ्यातही तो बंदच, असे ती मान वर न करता म्हणाली. सांधा मला शोधूनही सापडला नाही.

येताना मी डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या. कोणासाठी, हे दुकानदाराला सांगितले नाही.

आई तेव्हा आमच्याकडेच होती. पुडके तिच्यापुढे ठेवले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आपल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली ठराव केला ना रे, विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत म्हणून? आम्हांला उशीर झाला.”

‘फोडायच्या’ म्हणाली ती. मी चमकून पाहिले.

तिने एक बांगडी उचलून बोटांवरून सरकविली. ती अंगठ्याच्या सांध्याशी अडली. माप चुकले होते. मी ती परत घेण्यासाठी हात पुढे केला, एवढ्यात सौभाग्यवती मोरीतून साबणाची वडी घेऊन आली आणि म्हणाली, “आई, हात सैल सोडा.”