पेंढ्याच्या पोटातली साखर

माझे माहेर तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले. आमच्याकडे भाताचा पेंढा ही घरची संपत्ती समजली जाई. झोडणी उरकली की खळ्याच्या कडेला त्याची उंच रास रचीत. वर्षभर गाईच्या पुढ्यात तोच, गोठ्याच्या छपरावर तोच, बियाण्याच्या भाताचे मुडे बांधायला तोच आणि वैशाखात आंब्याची अढी घालायलाही तोच. पेंढ्यावर पाय देऊन चालले तरी आजी रागावत असे. १९८९ साली लग्न होऊन मी हरियाणात कर्नालला आले, ती हा संस्कार घेऊन. म्हणूनच पुढे या भागात कापणीची मोठी यंत्रे सर्रास फिरू लागली आणि त्यांच्या मागे उरलेला पेंढा शेतातल्या शेतात पेटवून देण्याचा प्रघात पडला, तेव्हा मला आपल्या घरचे धान्यच कोणी जाळीत असल्यासारखे वाटे.

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच एका वृद्ध शेतकऱ्याची पाच एकर जमीन आहे. मुले त्यांना ताऊजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या पत्नी त्या ‘ताई’. इकडे ताई म्हणजे थोरल्या काकू, हे कळेपर्यंत मी त्यांना मोठ्या बहिणीच्या नात्याने हाक मारीत होते, आणि खरे सांगायचे तर आजही मनात तेच नाते आहे. त्यांच्या घरून सकाळी लस्सीचे भांडे यायचे, आमच्याकडून चकल्या जायच्या. असा तीस वर्षांहून अधिक काळाचा शेजार २०२२ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत मोडला.

ह्यांना दम्याचा जुना विकार आहे. त्या रात्री मागच्या शेतात आग लावली गेली आणि खिडक्यांच्या फटींतून धूर आत आला. पहाटे दोनच्या सुमारास ह्यांचे ओठ निळसर दिसू लागले. रुग्णालयात चार दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले. घरी परतल्यावर मी ताऊजींच्या अंगणात उभी राहिले आणि, ‘तुमच्या पेंढ्याने माझ्या दारी यमाला आवतण दिले,’ असे सगळ्यांच्या देखत म्हणाले. ताऊजींनी हुक्क्याची नळी खाली ठेवली आणि एक शब्दही न बोलता ते आत निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून लस्सीचे भांडे येईनासे झाले.

आता विचार करते तेव्हा वाटते, त्या वेळी माझा राग खरा होता, पण माहिती अपुरी होती. भूगर्भातले पाणी वाचावे म्हणून २००९ च्या कायद्याने येथे भाताची लावणी जूनच्या मध्याआधी करता येत नाही. साहजिकच कापणी ऑक्टोबरात जाते, आणि गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवी, नाही तर उतारा घटतो. मधले दिवस किती, तर पंधरा-वीस. एवढ्यात शेत मोकळे करायचे. बरे, हा पेंढा जनावरांना घालावा, तर त्यात वाळूच्या जातीची सिलिका भरपूर. गव्हाचा भुसा मुबलक असताना म्हैस त्याला तोंड लावीत नाही. हाताने कापलेल्या बासमतीचा पेंढा तेवढा चाऱ्याला जातो, बाकीच्याला वाली नाही. आणि आमच्या कोकणातही पेरणीपूर्वी राब भाजतातच की! लहानपणी त्या धुराचा वास मला आवडत असे. ही आठवण मला ताऊजींच्या अंगणात झाली असती तर बरे झाले असते.

२०२३ च्या दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला. तो रसायन-अभियंता आहे आणि विद्यार्थिदशेत त्याने पेंढ्यावर दोन वर्षे प्रयोग केले होते. गच्चीवर उभा राहून तो मागच्या शेताकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “मावशी, तू शिजवतेस तो भात आणि हा पेंढा, दोन्ही एकाच साखरेचे आहेत, हे तुला ठाऊक आहे का?”

मला ठाऊक नव्हते. तांदळातले पिष्ट हा ग्लुकोजच्या कणांचा सर, आणि पेंढ्यातले सेल्युलोज हाही ग्लुकोजचाच सर. मणी तेच, ओवण्याची गाठ निराळी. पिष्टाची गाठ आपल्या पोटातले रस सहज सोडवतात, सेल्युलोजची त्यांना सुटत नाही. एवढ्यानेच एकाला आपण अन्न म्हणतो आणि दुसऱ्याला काडीकचरा. शिवाय सेल्युलोजचे धागे उघड्यावर नसतात. त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोज नावाच्या दुसऱ्या शर्करांचे वेष्टन असते आणि या सर्वांना लिग्निन हा चिवट पदार्थ गिलाव्यासारखा लिंपून टाकतो. वाऱ्यापावसात रोप ताठ उभे राहावे आणि किडीबुरशीने त्याला खाऊ नये, म्हणून निसर्गाने केलेली ही तटबंदी. साखरेपासून मद्यार्क करणे माणसाला हजारो वर्षे येते. पेंढ्यापासून इथेनॉल करण्यातली खरी अडचण आंबवण्यात नाही, ती त्याआधीच्या तयारीत आहे. तट फोडायचा, पण आतला खजिना जाळायचा नाही.

मी म्हटले, “मला दाखव.” दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटली गेली. एका बरणीत कोमट पाणी, साखर आणि यीस्ट. दुसरीत साखरेऐवजी बारीक कापलेला पेंढा. पहिली बरणी तासाभरात फसफसू लागली. दुसरी तीन दिवस तशीच राहिली, तिला फक्त कुबट वास येऊ लागला. मग त्याने धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पेंढा उकळायला सांगितला. मी हाताशी होते ते अॅल्युमिनियमचे पातेले घेतले आणि ते कायमचे काळे करून बसले. सोडा या धातूला खातो, हे भाच्याने नंतर सांगितले! पुढचा घाणा स्टीलच्या पातेल्यात केला. दोन तासांनी पाणी कडक चहासारखे तांबूस-काळे झाले आणि करकरीत काडी शेवईसारखी लवचीक झाली. तो रंग म्हणजे सुटून आलेल्या लिग्निनचा काही अंश. “एवढ्याने साखर सुटत नाही,” भाचा म्हणाला, “फक्त दार किलकिले झाले.”

त्या उकळीचा वास भिंतीपलीकडे गेला असावा. मागच्या बाजूला खाकरल्याचा आवाज आला. ताऊजी भिंतीशी उभे होते. वर्षभरात प्रथमच त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, “बहू, पराली शिजवून कोणाला वाढणार आहेस?”

मला हसूही आले आणि रडूही. भाच्याने त्यांना आत बोलावले आणि पातेले दाखवले. ताऊजींनी काडी बोटांत चुरून पाहिली आणि म्हणाले, हे तर आम्ही म्हशींसाठी करीत होतो. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, रास घट्ट झाकून तीन आठवडे ठेवायची. मग पेंढा मऊ पडतो आणि म्हशीला तो पचतो. भाचा जागच्या जागी उडालाच. “ताऊजी, हीच तर पूर्वतयारी!” युरियातून निघणारा अमोनिया तंतूंची पकड सैल करतो आणि म्हशीच्या पोटातले सूक्ष्म जीव आत शिरतात. कारखाना म्हणजे पोलादाची म्हैसच, असे तो म्हणाला. ताऊजींना ही उपमा फार आवडली. दूध किती देते, एवढेच त्यांनी विचारले.

तेव्हा भाच्याने सांगितले ते मी माझ्या शब्दांत लिहिते. आमच्यापासून पस्तीसएक किलोमीटरवर, ज्या पानिपताच्या नावाबरोबर मराठी माणसाला १७६१ साल आठवते, तेथेच इंडियन ऑइलच्या तेलशुद्धीकरण केंद्राशेजारी पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना उभा आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल काढावे, अशी त्याची आखणी आहे. म्हणजे टनामागे दीडशे लिटर.

अशा कारखान्यात गाठी फोडून पेंढा बारीक कापतात. माती, खडे, लोखंडाचे तुकडे काढून टाकतात. मातीचे येथे मोठे भय, कारण ती यंत्रांचे आतले भाग घासून खाते आणि शुद्ध न होता शेवटपर्यंत सोबत राहते. मग विरल आम्लाने ओला केलेला पेंढा बंद पात्रात शिरतो आणि त्यावर दीडशे ते दोनशे अंशांच्या दरम्यानची वाफ सोडतात. काही मिनिटांतच हेमिसेल्युलोज विरघळून त्याची साखर होते, लिग्निन वितळून बारीक थेंबांच्या रूपाने बाजूला सरते आणि सेल्युलोजचे धागे मोकळे होतात. पात्रातला दाब एकाएकी उतरवला, की काडीत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन काडी आतूनच फुटते. आपण लाह्या फोडतो, तसेच म्हणा ना. पण येथे क्षणांचा हिशेब आहे. पाक जरा पुढे गेला की कडू होतो. तशीच वाफ जास्त झाली की सुटलेल्या साखरेचेच फरफ्यूरल नावाचे द्रव्य बनते आणि ते पुढे यीस्टला विषासारखे बाधते. वाफ कमी पडली तर दार उघडतच नाही.

दार उघडल्यावर साखर सुटी करण्याचे काम विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे. त्यांची कथा मला फार मौजेची वाटली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजून जाऊ लागले. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्याचा नाश करणारी एक हिरवी बुरशी सापडली. एल्विन रीझ आणि त्यांच्या सहकारी मेरी मँडेल्स यांनी सैन्याच्या प्रयोगशाळेत तिचा दीर्घ अभ्यास केला. आरंभी हेतू तंबू वाचवण्याचा. पुढे तीच बुरशी सेल्युलोजची साखर करून देणारी कामकरीण ठरली. तिला रीझ यांच्यावरून ट्रायकोडर्मा रीझाय हे नाव मिळाले. तिच्या वंशातल्या बुरश्यांची विकरे पन्नास अंशांच्या आसपासच्या उबेत गाठी सोडवतात, मग यीस्ट साखरेचे इथेनॉल करते. मात्र हेमिसेल्युलोजमधून आलेली झायलोज नावाची साखर आपल्या पावाच्या यीस्टला खाता येत नाही, तिच्यासाठी निराळे यीस्ट घडवावे लागले. उरलेले लिग्निन भट्टीत जाते आणि त्यावर वाफ निघते.

देशात पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत पोचले, परंतु ते बहुतेक ऊस आणि धान्य यांतून आलेले. ताटातले न घेता काडीतून इंधन काढण्याची वाट अजून अरुंद आणि महागडी आहे, हे भाच्याने लपवले नाही.

ताऊजी हिशेबाला पक्के. एकरी दोन टनांहून अधिक पेंढा, पाच एकरांचे दहा टन, म्हणजे दीड हजार लिटर. “एवढे तेल मी दर वर्षी जाळतो,” ते हळूच म्हणाले. मग मान वर करून विचारले, “वाफेचे काम मिनिटांत होते म्हणता. पण माझ्या शेतातून पेंढा किती दिवसांत उचलला जाईल?”

या प्रश्नावर भाच्याजवळ उत्तर नव्हते. मला तर वाटते, या विद्येतली पहिली पायरी आम्लाची किंवा वाफेची नव्हेच. पेंढा गोळा करून गाठी बांधणारे यंत्र त्या पंधरा दिवसांत बांधावर येणे, ही पहिली पायरी. वर्षभर चालणाऱ्या कारखान्याचा सारा कच्चा माल एकाच महिन्यात, हजारो छोट्या शेतांतून, कोरडा आणि स्वच्छ उचलायचा, हे काम कोणत्याही पात्रात होणारे नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात ताऊजींनी गाठी बांधणाऱ्या यंत्रासाठी नाव नोंदवले. पाळी येईपर्यंत नोव्हेंबर उजाडला. तीन एकरांच्या गाठी बांधून झाल्या आणि यंत्राचा गाठ मारणारा भाग मोडला. सुटा भाग यायला आठवडा लागणार होता. त्या दिवशी दुपारी ताऊजी आमच्या फाटकाशी आले. हातात लस्सीचे भांडे होते. “बहू, दोन किल्ले राहिले. गहू थांबत नाही. आज रात्री खिडक्या बंद ठेव आणि माझ्या भावाला कुठे तरी लांब पाठव.” किल्ला म्हणजे इकडचा एकर. कसे कोण जाणे, पण या वेळी मला राग आला नाही. मी ह्यांना तीनच्या गाडीने मुलाकडे चंदीगडला पाठवले आणि दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले.

रात्री अकराला धूर आला. ताऊजींच्या घराच्या खिडक्याही बंद होत्या. आतून ताईंच्या खोकल्याचा आवाज येत होता.

सकाळी मी भांडे परत द्यायला गेले, तेव्हा तीन एकरांच्या गाठी ट्रॉलीत चढत होत्या. पलीकडची दोन एकरे काळी पडली होती. ताऊजींनी एका गाठीतून मूठभर पेंढा उपसला, तो तळहातावर झटकला आणि खाली पडलेली माती मला दाखवली. मग पेंढा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती देत म्हणाले, “पोराला पुण्याला पाठव. विचार, एवढी माती चालेल का, की यंत्राचे दात आणखी बोटभर वर घ्यायला सांगू?”