नावडतीचा स्वयंपाक

स्वयंपाकाची मला मुळीच आवड नाही. इंदूरसारख्या खवय्यांच्या गावात हे म्हणायलाही धीर लागतो! पण ३ वर्षांपूर्वी सासूबाईंचे गुडघे फार दुखू लागले, ओट्यापाशी उभे राहवेना, आणि ५ माणसांचे जेवण माझ्याकडे आले. महिनाभर बाहेरून डबा लावला. त्यातले तेल-मीठ मामंजींच्या रक्तदाबाला मानवेना.

मग ठरवले, आवड नसेना का, जेवण साधे आणि वेळेवर करायचे. दीड वाटी तांदूळ, तेवढीच सालीची मूगडाळ, दुधी, गाजर, हळद, बेताचे मीठ, ९ वाट्या पाणी आणि कुकरच्या ४ शिट्ट्या. वरून तूप-जिऱ्याची फोडणी. तांदळाच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते, म्हणून ही खिचडी पूर्ण जेवणच आहे.

एखाद्या दिवशी मोडाचे मूग. रात्री भिजवायचे, सकाळी फडक्यात बांधायचे, दुसऱ्या सकाळी मोड तयार. वाफवून त्यावर कांदा, टोमॅटो, लिंबू. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे मुगातले लोह अंगी लागते.

आता सासूबाई खुर्चीत बसून भाजी चिरतात, नववीतला मुलगा कुकर लावतो. मला अजूनही स्वयंपाक आवडत नाही. पण मामंजी पोटभर जेवतात.

विद्यार्थी मित्रहो, बारावीनंतर तुमच्यापैकी कितीतरी जण परगावी जातील. तिथे आई नसेल, भूक मात्र असेल. स्वयंपाक आवडलाच पाहिजे असे नाही. कुकर मात्र मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला लावता यावा. येत्या सुट्टीत एवढे तरी शिकून घ्या.